अर्धा किलोवॅट : चोरलजवळच्या नाल्यावर स्क्रू टर्बाइन बसवलं त्याची गोष्ट

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात भाऊजींनी फळी पाडून आमच्या स्क्रूचं, म्हणजे नाल्याच्या पाण्याने फिरून वीज देणाऱ्या मळसूत्राचं, पाणी बंद केलं, वर ताडपत्री बांधली आणि मला मीटरचा फोटो पाठवला. मी आकडा वहीत उतरवला : १,३४५ युनिट. दोन पावसाळ्यांची मिळून ही आमची घरची वीज. गेल्या वर्षभरात सात-आठ जणांनी फोन करून विचारलं, तुमचं ते पाण्याचं यंत्र कसं बसवलं, किती लागले, परवानगी कोण देतं. दर वेळी तासभर बोलण्यापेक्षा एकदाचं सगळं लिहून काढते.

मी इंजिनिअर नाही. ३१ वर्षं बँकेत काढली, शेवटची ९ लघुउद्योगांच्या कर्जाच्या फायलींवर. आम्ही इंदूरला लोकमान्य नगरात राहतो. शेत खंडवा रोडवर, सिमरोल ओलांडून चोरलच्या अलीकडे. धाकटे दीर तिथेच राहतात आणि शेती बघतात : पावसाळ्यात सोयाबीन, मग गहू, हरभरा, थोडा लसूण. शेताच्या कडेने जाणारा नाला पुढे चोरल नदीला मिळतो. त्या नाल्यावर पंचायतीने बांधलेला एक स्टॉप डॅम, म्हणजे पाणी अडवणारा छोटा बांध आहे, आमच्या गोठ्यापासून १२० मीटरवर.

जुलै २०२२ मध्ये घाटात झाड पडून दोन रात्री वीज गेली होती. त्या भागात बिबट्या फिरतो. भाऊजी बॅटरी घेऊन दर तासाला गोठ्याकडे चक्कर मारत होते आणि मी ओसरीत बसून नाल्याचा आवाज ऐकत होते. पाणी बांधावरून धो धो पडतंय आणि आम्ही मेणबत्ती शोधतोय, याचा मला राग आला. या उद्योगाची सुरुवात त्या रागातून झाली. त्यामागे थोर विचार वगैरे काही नव्हता.

स्क्रू मला माहीत होता तो दालमिलमुळे. कर्ज दिलेल्या मिलची पाहणी करायला जायचे तेव्हा डाळ वर चढवणारे स्क्रू कन्व्हेयर पाहिले होते. पन्हळीत मळसूत्र फिरतं आणि दाणा वर सरकतो. पाणी उपसायला हेच यंत्र आर्किमिडीजच्या नावाने दोन हजारांहून जास्त वर्षं ओळखलं जातं. ते उलटं चालवायचं, म्हणजे वरून पाणी सोडून स्क्रू फिरवायचा आणि वीज काढायची, हे मात्र १९९० च्या दशकात जर्मनीत रुळलं. इंग्लंडात न्यू मिल्स नावाच्या गावाने २००८ मध्ये वर्गणी काढून गोइट नदीवर असा ६३ किलोवॅटचा स्क्रू बसवला. बऱ्याच टर्बाइनना मोठी उंची लागते, ह्याला मीटर-दोन मीटरही पुरते. काडीकचरा थोडाफार गिळतो, मासे जिवंत खाली उतरतात. वाचून मला वाटलं, हे आपलंच.

आता मापाबद्दल, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे.

हिशेब सोपा आहे. उंची मीटरमध्ये, प्रवाह सेकंदाला किती लिटर तो, दोन्हींचा गुणाकार करून त्याला ९.८१ ने गुणायचं. पाण्यात किती वॅट आहेत ते कळतं. त्यातले साधारण निम्मे हातात येतात. बाकीचे स्क्रू, चेन आणि जनरेटर खातात. उंची गवंडी वापरतात त्या पारदर्शक लेव्हल पाइपने मोजली. वरच्या पाण्यापासून खालच्या पाण्यापर्यंत १.९ मीटर भरली. जाळी, पन्हळीचं तोंड वगैरेंचं नुकसान वजा जाता कामाची उंची १.६.

प्रवाहासाठी ऑगस्ट २०२२ मध्ये नारळ वापरला. नाल्याच्या सरळ भागात १० मीटरवर दोन दोऱ्या बांधायच्या, नारळ सोडायचा, मोबाइलवर सेकंद मोजायचे. नारळ जवळजवळ बुडून तरंगतो, त्यामुळे वाऱ्याने भरकटत नाही. वरचं पाणी आतल्यापेक्षा जोरात धावतं, म्हणून आलेल्या वेगाला ०.८५ ने गुणायचं, मग पात्राच्या छेदाच्या क्षेत्रफळाने. पाणी उतरल्यावर पत्र्याला काटकोनी व्ही खाच पाडून तो पत्रा नाल्यात आडवा रोवला, बाजूने वाळूची पोती. खाचेतून पाणी किती सेंटिमीटर उंचीने वाहतंय ते पट्टीने वाचलं की प्रवाह कळतो : २० सेंटिमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २५ लिटर, २९ म्हणजे ६२. पट्टी मात्र खाचेपासून थोडी मागे, पाणी शांत असेल तिथे लावा. मी आधी खाचेतच लावली होती, तीन आठवड्यांची नोंद वाया गेली.

भाऊजींनी रोज सकाळी दूध काढून झाल्यावर आकडा लिहिला. पूर नसलेल्या दिवशी ऑगस्टमध्ये १३०-१४० लिटर, सप्टेंबरात १००, ऑक्टोबरच्या मध्यावर ५५, नोव्हेंबरअखेर १२. जानेवारीत बादलीने मोजलं. फेब्रुवारीत मोजायला काही उरलं नाही.

याच सुमारास एका विक्रेत्याने फोनवर ऑगस्टचा आकडा ऐकून '३ किलोवॅट आरामात' असं कोटेशन पाठवलं. कर्जाच्या अर्जात लोक दिवाळीच्या महिन्याची विक्री बाराने गुणून आणतात, तो प्रकार मला पाठ होता. शिवाय ३ किलोवॅट त्या ऑगस्टच्या पाण्यातही नव्हते, वरच्या सूत्राने तुम्हीच करून बघा. मी ६० लिटर धरले. पाण्यात ९४० वॅट, हातात ४५० च्या आसपास. सरकारी वर्गवारीत १०० किलोवॅटपर्यंतचं सगळं 'मायक्रो'. त्या मायक्रोच्याही आम्ही तळाशी.

हे 'अर्धा किलोवॅट' जेवताना सांगितल्यावर भाऊजी म्हणाले, "वहिनी, एवढ्यात तर इस्त्रीपण तापणार नाही." ते बरोबरच होतं. पण दिवसरात्र चालणारा अर्धा किलोवॅट म्हणजे चोवीस तासांत दहा-अकरा युनिट. पावसाळ्यात गोठा, घर, फ्रिज, पंखे, मोबाइल यांना तेवढे पुरतात.

दुसरा पावसाळाही मोजला ते बरं झालं. २०२३ चा ऑगस्ट देशभरात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ठरला. आदल्या वर्षी जिथे १३० लिटर होते तिथे ३१ ऑगस्टला खाचेत २० सेंटिमीटर. म्हणजे २५ लिटर. स्क्रू असता तर जेमतेम कण्हत फिरला असता. मग १५-१६ सप्टेंबरला इंदूरवर आभाळ फाटलं. माझा पत्रा, पोती, पट्टी सगळं वाहून गेलं. पत्रा चार दिवसांनी दूर खाली पळसाच्या मुळांत अडकलेला सापडला, वाकलेला. तो ठोकून सरळ केला, अजून वापरात आहे. त्याच पुरात आणखी एक गोष्ट दिसली, जी मी कुठे वाचली नव्हती : पाणी सगळ्यात जास्त असतं त्या दिवशी खालचा नालाही भरतो आणि उंचीच उरत नाही. बांधाच्या दोन्ही बाजूंना पाणी जवळजवळ एका पातळीवर. पुराच्या दिवशी वीज शून्य.

परवानगीचं काम दरम्यान सुरू केलं होतं. नाला सरकारी, बांध पंचायतीचा, जमीन आमची फक्त काठापर्यंत. खसरा, बी-१ हे जमिनीचे उतारे आणि नकाशा लोकसेवा केंद्रातून काढला, आणि पंचायतीत अर्ज द्यायला गेले १८ ऑगस्टला. ग्रामसभा १५ ऑगस्टला होऊन गेलेली. पुढची २ ऑक्टोबरला. २६ जानेवारी, १४ एप्रिल, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखा लिहून ठेवा. अर्ज त्याआधी पंधरा दिवस तरी सचिवाच्या हातात हवा, नाहीतर विषयपत्रिकेत येत नाही आणि 'अन्य विषय' येईपर्यंत लोक उठून गेलेले असतात.

ग्रामसभेत मला वाटलं होतं, लोक विचारतील हे यंत्र कसं चालतं. कोणी विचारलं नाही. सप्टेंबरअखेर स्टॉप डॅमला शटर लावतात आणि साठलेल्या पाण्यावर गव्हाचं, हरभऱ्याचं पहिलं पाणी होतं. माझ्या पन्हळीचं तोंड पाण्याच्या पातळीपेक्षा ४ इंच खाली ठेवायचं होतं, तरच ६० लिटर आत शिरतात. पागोटं घातलेले एक आजोबा उठले आणि म्हणाले, "मॅडम, चार इंच मतलब कितने घंटे की मोटर?"

इतका नेमका प्रश्न मला बँकेत क्वचित कोणी विचारला असेल. लग्नपत्रिकेच्या पाठीवर हिशेब केला. पाणी तुंबतं ती लांबी १२० मीटर, रुंदी सरासरी १२, चार इंच म्हणजे ०.१ मीटर. १४४ घनमीटर, म्हणजे १ लाख ४४ हजार लिटर. पाच हॉर्सपॉवरच्या मोटरला साधारण चार तास. मोठ्याने वाचून दाखवलं. अर्धा तास आपापसांत मालवीत वाद झाला. ठरलं असं : पहिल्या पाण्याची मोटर लागेपर्यंत चार इंच माझे, त्यानंतर फळी पाडायची, नाल्यात प्रवाह असला तरी. ठरावात तसंच लिहून घेतलं. म्हणून आमचा हंगाम नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात संपतो. मी त्यावर हुज्जत घातली नाही आणि कोणाला घालूही नका म्हणेन. गहू त्यांचा आहे.

ठरावाची प्रत ६ ऑक्टोबरला मिळाली. ९ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. पुढच्या कार्यालयात अर्ज आवक झाला आणि तिथेच बसला. डिसेंबरात निकाल लागल्यावर गेले तर फाइल सापडेना. आवक क्रमांकाची पावती माझ्याकडे होती, तिची झेरॉक्स दिली, फाइल दुसऱ्याच गठ्ठ्यात निघाली. पावती हातात घेतल्याशिवाय कुठल्याही खिडकीसमोरून हलू नका. कागद कमी पडला म्हणून तीन फेऱ्या झाल्या. न्यू मिल्सच्या स्क्रूचा फोटो जोडला होता, तो बघून बाबूंनी विचारलं, "ये अपने यहाँ का है?" मी नाही म्हटल्यावर त्यांनी तो काढून परत दिला. त्या जागी मी दालमिलच्या स्क्रूचा फोटो लावला. तो चालला.

स्थळपाहणी १९ जानेवारी २०२४ ला झाली. साहेब पुलावरून उतरले, कोरड्या नाल्यात उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, पानी किधर है?" मी दोन वर्षांची वही पुढे केली. रोजचा आकडा, तारखेचे फोटो, पत्र्याचा फोटो. ते बांधावर बसून ती वही वीस मिनिटं वाचत होते. माझ्या मते परवानगी त्या वहीने मिळवली. ना हरकत पत्र २६ फेब्रुवारीला हातात आलं, लोकसभेच्या आचारसंहितेच्या अठरा-एकोणीस दिवस आधी. अटी : बांधाची उंची वाढवायची नाही, पाणी त्याच नाल्यात परत सोडायचं, वीज विकायची नाही, सांगितल्यास सगळं स्वखर्चाने काढून न्यायचं. शपथपत्र, नोटरी, झेरॉक्स आणि जाण्यायेण्याचं पेट्रोल मिळून ६,२०० रुपये. वरून कोणी मागितले नाहीत, हेही लिहायला हवं.

वीज कंपनीच्या लाइनला जोडायचा विचार एकाच भेटीत सोडला. खिडकीवर "पैनल कितने?" असं तीनदा विचारलं गेलं. तीन्ही वेळा मी पाणी म्हटलं.

स्क्रू बनवला सांवेर रोडच्या एका वर्कशॉपमध्ये. मिस्त्री तीस वर्षं डाळीचे स्क्रू बनवतायत. त्यांना नकाशा दाखवला तर म्हणाले, "दाना ऊपर जाता है, पानी नीचे आएगा. बस उल्टा सोचना है." पण धान्याच्या स्क्रूला एक पातं असतं, पाण्याच्याला तीन लागतात, आणि मधला पाइप चांगला जाड. बाहेरचा व्यास ६० सेंटिमीटर, पाइप १२ इंची, लांबी ४.३ मीटर, उतार २२ अंश. अशा स्क्रूने मिनिटाला ७० फेऱ्यांच्या वर जाऊ नये असा जुना डच नियम आहे. आम्ही ५६ धरल्या.

खरी मेख फटीत होती. पातं आणि पन्हळ यांच्यातली फट ठेवायची साडेतीन ते चार मिलीमीटर. तिच्यातून जे पाणी निसटतं ते फुकट जातं. मिस्त्रींनी तिन्ही पाती एकाच बाजूने ओळीने वेल्ड करत नेली आणि उष्णतेने पाइप धनुष्यासारखा वाकला. मधोमध ७ मिलीमीटर. लेथवर फिरवला तर एका बाजूने घासतोय, दुसऱ्या बाजूने बोट जातंय. दोन दिवस गॅसने तापवून, पाणी मारून, ठोकून तो ३ मिलीमीटरवर आणला आणि पन्हळ थोडी मोठी वळली. फट अखेर ६ मिलीमीटरची झाली. बनवून घेणार असाल तर वेल्डिंग आळीपाळीने समोरासमोरच्या बाजूंनी, छोट्या छोट्या टप्प्यांत करायला सांगा आणि तिथे खुर्ची टाकून बसा. मी त्या दिवशी भाचीच्या साखरपुड्याला गेले होते.

स्क्रू ६२,०००, पन्हळ आणि सांगाडा २७,५००, चेन-बेअरिंग १९,५००. जनरेटर कमी फेऱ्यांचा, कायम चुंबकाचा, २४ व्होल्टचा, ऑनलाइन ३४,०००. काँक्रीटचं काम ५८,०००. खालच्या टोकाला बेअरिंगऐवजी नायलॉनचं बुश, म्हणजे दांडा आत फिरतो ती साधी नळी, लावलं, पाणीच त्याचं वंगण. तिथे बंद बेअरिंग लावलेल्यांच्या रडकथा मी बऱ्याच वाचल्या होत्या.

एक चूक कागदावरच सापडली म्हणून बचावलो. बॅटरी मी घरात ठेवणार होते. भाचा इलेक्ट्रिकलचा, त्याने विचारलं, "मामी, २४ व्होल्ट १२० मीटर नेणार?" मग दाखवलं : ६ एमएमची तांब्याची वायर घेतली तरी जाऊन-येऊन २४० मीटर होते, आणि १८ अँपिअरला त्यातले १२ व्होल्ट वाटेतच जिरतात. म्हणून नाल्याच्या काठी, पुराच्या खुणेच्या वर पत्र्याची खोपटी बांधली. बॅटऱ्या, कंट्रोलर, इन्व्हर्टर तिथे, आणि घरापर्यंत आले २३० व्होल्ट. घरात चेंजओव्हर स्विच लावला, म्हणजे आमची वीज चुकूनही खांबावर जाणार नाही. लाइन बंद आहे असं समजून वायरमन वर चढलेला असतो. या स्विचवर पैसे वाचवू नका.

स्क्रू न्यायचा होता मे महिन्यात. पेंटिंग लांबलं, आणि १२ जून २०२४ ला हायड्रा क्रेन शेताच्या तोंडाशी आली तेव्हा आदल्या रात्रीची सर पडून गेली होती. काळी माती भिजली की काय होते ते मालव्यात सांगायला नको. ड्रायव्हरने खाली उतरून बुटाने माती दाबून बघितली, मान हलवली आणि अर्धं भाडं घेऊन परत गेला. साडेतीनशे किलोचा स्क्रू मग ट्रॅक्टरमागे लाकडी ओंडक्यांवरून ओढत नेला आणि चेनपुलीने बसवला. दोन दिवस, नऊ माणसं, एक माणूस बोट चेचून घरी. त्याचे टाके आणि आठवड्याची मजुरी आमच्याकडे.

१९ जुलैला फळी उचलली. पाणी पन्हळीत शिरलं, पहिल्या पात्यावर साचलं, आणि स्क्रू एखाद्या म्हशीने कूस बदलावी तसा हलला. मग फिरू लागला. आवाज अगदी कमी, नुसतं थप्, थप्. सासूबाई छत्री धरून उभ्या होत्या, म्हणाल्या, "एवढंच?" मीटरही तेच म्हणत होतं : २१० वॅट.

पुढचे पंधरा दिवस त्या ४५० च्या मागे गेले. स्क्रूचं खालचं टोक हवेत लोंबकळत होतं, शेवटची उडी वाया जात होती. खाली दगडांची आठ इंची ओळ रचून पाणी तुंबवलं, टोक साधारण निम्मं बुडेल इतकं, तेव्हा ३०० झाले. चेनचं छोटं चक्र बदललं, ३६०. सगळ्यात जास्त दिसले ४३०, तेही एकदाच. बाकीचे त्या ६ मिलीमीटरच्या फटीतून जातात, आणि साखरपुडा छान झाला होता.

चालवणं म्हणजे मुख्यतः जाळी साफ करणं. सागाची पानं, घाणेरीच्या फांद्या, सोयाबीनचा पाला, गुटख्याच्या पुड्या. भाऊजी सकाळ-संध्याकाळ दाताळं घेऊन जातात. एक वेळ चुकली की वॅट निम्मे. १७ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी झाली आणि दुसऱ्या दिवशी स्क्रू थांबला. वरच्या वस्तीतलं निर्माल्य जाळीवर थापलं गेलं होतं, पाणी वरून उसळलं आणि एक नारळ आत शिरून पातं आणि पन्हळ यांच्यात बसला. वीतभर पातं वाकलं. मोजणीच्या दिवसांत मी या नाल्यात इतके नारळ सोडले होते, की तक्रार करायला तोंड नव्हतं. या वर्षी चतुर्थीच्या आधी वस्तीवर जाऊन पुलाजवळ एक जुना ड्रम ठेवला, निर्माल्य त्यात पडलं.

एक खर्च मी धरलाच नव्हता. भाऊजींचा नातू चेंडूमागे पन्हळीपर्यंत गेला, हात घालणार तेवढ्यात गड्याने उचलला. हा स्क्रू हळू फिरतो म्हणून निरुपद्रवी वाटतो. पण साडेतीनशे किलो लोखंड थांबत नाही. त्याच आठवड्यात वरून पूर्ण जाळीचं झाकण आणि कुलूप लावलं, ६,८०० रुपये. पहिल्या दिवसापासून लावायला हवं होतं.

२०२४ मध्ये ७१ दिवस चालला, ६०३ युनिट. २०२५ मध्ये ८४ दिवस, ७४२ युनिट. बसवायचा खर्च २,८२,२००, नंतरची दुरुस्ती, झाकण वगैरे १९,४००. युनिटला ७ रुपये धरले तर दोन वर्षांत ९,४१५ रुपयांची वीज. असा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला असता तर मी चहासुद्धा न पाजता परत पाठवला असता. पैशासाठी करायचं असेल तर छतावर ३ किलोवॅट सोलर बसवा. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत ७८,००० ची सबसिडी आहे आणि वर्षभर दिवसाला सरासरी बारा-तेरा युनिट मिळतात. फक्त बॅटरी नसलेलं, लाइनला जोडलेलं सोलर लाइन गेली की तेही बंद पडतं, आणि आमची लाइन जाते ती नेमकी ढगांच्या दिवसांत. या ऑगस्टमध्ये सलग अडतीस तास वीज नव्हती. गोठ्यात दिवा होता, फ्रिज चालू होता, आणि बॅटरी भरल्यावर उरलेली वीज ज्या हीटरमध्ये जाते त्यावर सासूबाईंच्या आंघोळीचं पाणी तापत होतं. "एवढंच?" हा प्रश्न त्यांनी परत विचारलेला नाही. बिबट्या येऊन गेल्याचे ठसे गोठ्याच्या उजेडाच्या बाहेरच थांबले होते. त्याचं श्रेय स्क्रूला द्यायचं की कुत्र्याला, यावर घरात एकमत नाही.

आता खालचं बुश बदलायचंय. दोन हंगामांत ते एका बाजूने झिजलं, गाळाने. मिस्त्री म्हणतात या वेळी पितळेचं लावू, मी म्हणते नायलॉनच, १,१०० रुपयांत येतं. काम डिसेंबरातच उरकायचं आहे, माती कोरडी असताना.

घाटाखालचे एक शेतकरी ऑक्टोबरात बघायला आले होते. त्यांच्या नाल्याला चार मीटरची उडी आहे, त्यांना लगेच ऑर्डर द्यायची होती, मिस्त्रींचा नंबर मागत होते. मी त्यांच्या जीपमध्ये तो वाकलेला पत्रा आणि पट्टी टाकून दिली. परवा त्यांचा फोन आला, "दीदी, ग्यारह सेंटीमीटर." म्हणजे सेकंदाला साडेपाच लिटर. मी म्हटलं, तारीख घालून लिहून ठेवा, उद्या परत बघा.